एकच जागा, सहा ऋतू : देवळालीकरांसाठी निसर्गफेऱ्यांचं वर्षभराचं नियोजन

निसर्गफेरी काढायची म्हटली की देवळाली कॅम्पात पहिला प्रश्न येतो, ‘जायचं कुठे?’ मग भंडारदरा, इगतपुरी, त्र्यंबक अशी नावं निघतात, गाड्यांची जुळवाजुळव सुरू होते, कुणाची तरी सुट्टी जमत नाही आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. गेलोच तर धबधब्याखाली भिजून, भजी खाऊन परत येतो. मुलांना मजा वाटते, पण घराशेजारच्या कडुलिंबाला पालवी कधी फुटते हे त्यांना सांगता येत नाही.

निसर्गाशी ओळख व्हायची तर एकाच जागी वारंवार जावं लागतं. चैत्रात पाहिलेलं झाड श्रावणात पाहिलं आणि तेच पुन्हा पौषात पाहिलं, की त्याची खरी ओळख होते. म्हणून शाळा, ज्येष्ठ नागरिक संघ, गृहनिर्माण सोसायटी, गणेशोत्सव मंडळ किंवा चार-पाच कुटुंबं, ज्यांना कुणाला लोकांसाठी असा उपक्रम सुरू करायचा असेल, त्यांनी घराजवळची एक जागा धरावी आणि वर्षातून सहा वेळा तिथेच जावं. त्या वेळी काय पाहायचं हे ऋतूवर सोपवावं. हे सगळं पार कसं पाडायचं, ते पुढे सांगतो.

जागा आणि परवानगी

देवळालीचं भाग्य असं की इथे झाडी टिकून आहे. सॅनेटोरियमांची आणि जुन्या बंगल्यांची मोठमोठी आवारं, लॅम रोडवरची जुनी झाडं, खंडोबा टेकडीचा परिसर, दारणेचा काठ आणि शेजारच्या भगूरकडची शेतं असं सगळं दोन-चार किलोमीटरांत सापडतं. थोडं लांब चालत असेल तर पांडवलेण्याच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान उत्तम. तिथे आखलेल्या वाटा आहेत, त्यामुळे ज्येष्ठांना आणि लहान मुलांना ते सोयीचं पडतं.

निवडलेल्या जागेत तीन गोष्टी हव्यात : निदान पंधरा-वीस जातींची झाडं, जवळपास थोडं पाणी आणि दोन तासांत सावकाश फिरून होईल एवढी वाट. एखाद्या सॅनेटोरियमचं आवारही पुरतं. तिथे कुंपण असतं, स्वच्छतागृह असतं, पाऊस आलाच तर आडोसाही मिळतो.

कॅम्प हा छावणीचा भाग आहे, याचा विसर पडू देऊ नका. कोणती जमीन लष्कराची, कोणती छावणी परिषदेची, कोणती वनखात्याची आणि कोणती खाजगी, हे आधी विचारून घ्या. परिषदेच्या उद्यानासाठी तिच्या कार्यालयात आणि वनखात्याच्या जागेसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा. तारीख, वेळ, माणसांची संख्या आणि जबाबदार व्यक्तीचं नाव एवढं त्यात असलं की काम भागतं. वर्षाच्या सहाही तारखा एकाच अर्जात दिल्या तर दर वेळी खेटे घालावे लागत नाहीत. तोफखान्याच्या सरावाच्या मैदानाकडे मात्र मुळीच फिरकू नका. लष्करी हद्दीत फोटो नकोत आणि ड्रोन तर नकोच नको.

माणसं आणि वेळ

एका जाणकारामागे पंधरा-वीसच माणसं घ्या. त्याहून जास्त झाली की मागच्यांना ऐकू येत नाही, ती आपापसात बोलू लागतात आणि पाखरं उडून जातात. नावं जास्त आली तर दोन तुकड्या करा. पुढे जाणकार, शेवटी एक अनुभवी माणूस आणि मधे नोंदी लिहिणारा, असे तिघे ठरलेले असावेत. शेवटच्या माणसाच्या मागे कुणी राहायचं नाही, हा नियम सुरुवातीलाच सांगून टाका.

फेरी सकाळी उजाडल्यावर सुरू करावी आणि दोन तासांत आटोपावी. अंगात मातकट किंवा हिरवट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बूट, सोबत पाण्याची बाटली, वही-पेन्सिल. गटात एखादी आठ बाय बेचाळीसची दुर्बीण आणि दोन-तीन भिंगं पुरतात. दुर्बिणीपेक्षा भिंगाचं महत्त्व मुलांना लवकर पटतं, कारण भिंगातून पाहिलेली गोष्ट उडून जात नाही. शेवटी पोहे-चहा जरूर ठेवा. पोह्यांच्या ताटलीभोवतीच पाहिलेल्याची उजळणी होते आणि पुढच्या वेळचे स्वयंसेवकही तिथेच मिळतात.

चैत्र-वैशाख : झाडांची ओळख

वर्षाची सुरुवात झाडांपासून करा. करंज, पिंपळ, कडुलिंब पालवीने नटलेले असतात. पुढे बहावा पिवळ्याधमक झुंबरांनी लगडतो, आपल्या राज्याचं फूल असलेला ताम्हण जांभळा होतो आणि मे महिन्यात गुलमोहर पेटतो. झाडाचं नाव सांगण्याआधी मुलांना खोडावरून हात फिरवू द्या, पान चुरगळून वास घेऊ द्या. प्रत्येकाला एक झाड नेमून द्या आणि ते वर्षभर त्याचंच राहू द्या. सहाही फेऱ्यांत त्याने त्या झाडाची पालवी, कळी, फूल, फळ आणि पानगळ यांची नोंद करायची. ‘सीझनवॉच’ या भारतभर चालणाऱ्या उपक्रमात अशा नोंदी पाठवता येतात.

या फेरीत उंबरापाशी हमखास थांबा. पिकत आलेलं एक फळ अलगद दोन भागांत फोडा, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि भिंग लावा. आत शेकडो चिमुकली फुलं दाटीवाटीने बसलेली दिसतात. उंबराला फूल येत नाही असं म्हणतात, पण ते असतं, फक्त आत दडलेलं असतं. नीट पाहिलं तर तिळाहून लहान कीटक त्या फुलांतून निघून कागदावर चालू लागतात. हे गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातले. फळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून मादी आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, आतल्या फुलांना ती दुसऱ्या उंबरावरचे पराग देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर बाहेर पडायची वाट पोखरतात आणि पंखवाल्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे निघतात. उंबर, वड, पिंपळ या प्रत्येकाचा कीटक वेगळा. तो कीटक संपला तर झाडाचं बी धरणं थांबेल. एवढं पाहिलेला मुलगा झाडावर सरसकट कीटकनाशक फवारायला सहज तयार होणार नाही.

उन्हाळ्यात उंबर-वडाच्या फळांवर तांबट, बुलबुल, धनेश, कोकीळ जगतात. पाण्याची मातीची भांडी ठेवण्याचा उपक्रम याच वेळी घ्यावा. भांडं उथळ असावं, कडेला एखादा दगड ठेवावा आणि पाणी रोज बदलावं. तसं होणार नसेल तर भांडं ठेवू नये, कारण साचलेल्या पाण्यात डास होतात.

मृगाच्या आगेमागे : पेरणी आणि बेडूक

२५ मेच्या सुमारास रोहिणी लागतं आणि ७-८ जूनला मृग. या दिवसांत चातक येतो, पावश्या दिवसभर ओरडत राहतो आणि झाडी दाट असेल तिथे नशिबाने नवरंगाची शीळ ऐकू येते. पहिल्या सरींनंतर मोकळ्या मातीवर मखमली लाल मृगाचे किडे फिरू लागतात. मुलांनी ते हातावर घ्यावेत, पाहावेत आणि तिथेच सोडावेत. डबीत भरून नेऊ नयेत.

वनमहोत्सव दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. १९५० मध्ये तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी तो सुरू केला. खड्डा, रोप, फोटो एवढ्यावर तो संपू नये असं वाटत असेल तर तयारी उन्हाळ्यातच करा. बहावा, करंज, कडुलिंब, जांभूळ, चिंच यांच्या बिया आपल्याच परिसरातून गोळा करा. बहाव्याची बी कठीण कवचाची असते. ती गरम पाण्यात रात्रभर भिजवा किंवा दगडावर थोडी घासा, म्हणजे लवकर रुजते. जांभळाची बी मात्र फार टिकत नाही, ती ताजीच पेरा. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेने ५ जून २०१५ रोजी नाशिककरांना सोबत घेऊन देशी झाडांची देवराई उभी करायला घेतली. तिथून शिकायचं ते हे की लागवडीचा दिवस एकच असतो, पण पाणी घालण्याचे दिवस पुढची तीन वर्षं असतात. म्हणून दहाच रोपं लावा, प्रत्येकाचा पालक ठरवा आणि उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पाळ्या लावणीच्या दिवशीच लिहून काढा.

पहिला मोठा पाऊस झाला की कुंपण असलेल्या आवारात ‘बेडकांची संध्याकाळ’ ठेवा. अंधार पडल्यावर तासाभराचा कार्यक्रम पुरतो. मोठे नर बेडूक या दिवसांत पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे काढून ओरडतात. डोळे मिटून किती वेगवेगळे आवाज ऐकू येतात ते मोजायला सांगा. गमबूट आणि बॅटरी हवीच, कारण बेडकांमागे साप येतात.

काजवे पाहायला भंडारदऱ्याकडे जाण्याची हौस याच दिवसांतली. गेलात तर वाटेवरूनच पाहा, बॅटरी आणि गाडीचे दिवे बंद ठेवा आणि गवत तुडवू नका. काजव्यांच्या अळ्या जमिनीलगतच असतात.

श्रावण ते आश्विन : फुलपाखरं आणि रानभाज्या

इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि नाशिक शहरात साधारण सातशे. या दोहोंच्या मधे असलेल्या देवळालीत श्रावणात ऊन-पावसाचा खेळ चालतो. फुलपाखरांना हेच मानवतं. ही फेरी सकाळी आठनंतर काढावी, कारण पंख तापल्याशिवाय फुलपाखरू उडत नाही. हळदीकुंकू, बिबळ्या कडवा, हबशी आणि नशीब जोरावर असेल तर आपलं राज्य फुलपाखरू निलवंत दिसेल. २०१५ मध्ये महाराष्ट्राने त्याला हा मान दिला, आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं ते देशातलं पहिलं राज्य.

उडणाऱ्या फुलपाखरामागे धावण्यापेक्षा मुलांना कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडापाशी बसवा. कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, फिकट पिवळं अंडं सापडतं. त्यातून निघालेली अळी काळपट, मधे पांढरा डाग असलेली, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पाखरं तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते. तेव्हा तिला काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून दोन फाट्यांचं नारिंगी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मग ती रेशमाच्या दोऱ्याने स्वतःला काडीला बांधून कोश करते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा प्रवास तीन-चार आठवड्यांत पुरा होतो आणि तो घरच्या कुंडीतही पाहता येतो. रोज रात्री अळीचं चित्र काढायचं आणि शेजारी तारीख लिहायची, हा मुलांना दोन फेऱ्यांमधला उत्तम अभ्यास. सप्टेंबरात देशभर फुलपाखरू महिना साजरा होतो, त्यात या नोंदी पाठवता येतात.

नदीकाठच्या बाभळी-शिंदीवर सुगरणीची घरटी याच काळात लोंबताना दिसतात. विणणारा नर असतो. अर्धं विणून झालं की मादी येऊन पारखते आणि तिला पसंत पडलं तरच तो ते पुरं करतो. लांबून दुर्बिणीने पाहा, घरटं असलेली फांदी वाकवू नका.

रानभाज्यांची ओळख करून द्यायची असेल तर आसपासच्या गावातल्या एखाद्या जाणत्या आजींना मानाने बोलवा आणि त्यांच्या वेळेचं मानधन द्या. टाकळा, कुर्डू, करटोली, भारंगी त्या दाखवतील. पुस्तकातल्या किंवा मोबाइलमधल्या चित्रावरून ओळखून काहीही खायचं नाही, हा नियम पक्का. शेवळासारखी भाजीसुद्धा काकडांशिवाय शिजवली तर घशाला खाज सुटते.

कार्तिक-मार्गशीर्ष : पाहुणे पक्षी

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. तुमची चौथी फेरी त्याच आठवड्यात ठेवा. धोबी, थिरथिरा, तुतवार हे पाहुणे तोवर आलेले असतात. थिरथिऱ्याला ओळखणं सोपं, तो बसल्या जागी शेपटी थरथरवत राहतो.

नवख्यांना पक्ष्यांच्या नावांच्या याद्या देऊ नका. आधी पाच पक्षी पक्के करून घ्या : चिमणी, बुलबुल, साळुंकी, कोतवाल, वेडा राघू. नवा पक्षी दिसला की ‘साळुंकीपेक्षा लहान की मोठा?’ असा प्रश्न विचारा. मोजपट्टी हाताशी असली की बाकीचे पक्षी आपोआप ओळखू येतात. नोंदींसाठी ‘ई-बर्ड’ आणि आवाज ओळखायला ‘मर्लिन’ ही दोन्ही अॅप फुकट आहेत. मात्र मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा शिरला असं समजून तो कासावीस होतो.

वर्षातून एकदा लांबची सहल काढायचीच असेल तर ती याच थंडीत नांदूरमधमेश्वरला काढा. त्यामागे एक कारण आहे. देवळालीजवळून वाहणारी दारणा पुढे दारणासांगवीला गोदावरीला मिळते आणि ते पाणी नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यात साचतं. म्हणजे आपण आपल्याच नदीमागे जात असतो. गोदावरी-कादवा संगमाजवळचं हे ठिकाण १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या बाजूने निरीक्षण मनोरे आहेत आणि गावातलेच तरुण वाटाड्याचं काम करतात. त्यांना सोबत घ्या. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, शेकाट्या, दलदल ससाणा हे सगळे एका सकाळीत पाहायला मिळतात. सूर्योदयाला तिथे हजर असाल तरच जाण्यात अर्थ आहे.

पौष ते फाल्गुन : मांजा, आकाश आणि पळस

संक्रांतीनंतरच्या रविवारी पाचवी फेरी काढा आणि ती सफाईची करा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी झाडांवर तो लोंबताना दिसतोच. लांब काठीला आकडा बांधून हाती येईल तेवढा उतरवा. विजेच्या तारांजवळ हात घालू नका. अडकलेला पक्षी सापडला तर मांजा ओढायचा नाही, कात्रीने कापायचा. पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

त्याच आठवड्यात संध्याकाळी आवारात किंवा गच्चीवर आकाशदर्शन ठेवा. ज्या मृग नक्षत्राच्या नावाने जूनमध्ये पेरण्या होतात, ते जूनमध्ये आकाशात दिसत नाही, कारण तेव्हा सूर्यच त्याच्यात असतो. जानेवारीत ते संध्याकाळी पूर्वेला ठळक उगवलेलं असतं. शेजारी रोहिणीचा तांबूस तारा आणि कृत्तिकांचा पुंजका. शेती केलेल्या आजोबांना पावसाच्या नक्षत्रांची नावं सांगू द्या आणि जाणकाराने त्यांतली वर दिसणारी दाखवावीत.

फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, तेव्हा सहावी फेरी काढा. बहरलेल्या एका पळसापासून थोडं दूर गटाने अर्धा तास शांत बसायचं आणि झाडावर कोण कोण येतं ते लिहायचं : शिंजीर, बुलबुल, मैना, कोतवाल, पळसमैनांचे थवे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसबागेतल्या पक्ष्यांची गणना होते, तिला पंधरा मिनिटांची नोंदही चालते. आणि २० मार्चचा जागतिक चिमणी दिन विसरू नका. तो २०१० पासून साजरा होतो आणि त्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर आहेत. याच दिवसांत टेकड्यांना वणवे लागतात. गटात काडेपेटी, बिडी-सिगारेट नको. धूर दिसला तर १९२६ वर कळवा, विझवायला स्वतः उतारावर जाऊ नका.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको

दारणाकाठच्या उसात बिबट्यांचा वावर आहे. नदीकाठची फेरी पुरतं उजाडल्यावरच काढा, मुलांना मधे ठेवा, कुणालाही एकटं आडोशाला जाऊ देऊ नका. ऊसतोडीत बछडे सापडले तर हात लावू नका. आई बहुधा रात्री त्यांना न्यायला येते. वनखात्याला कळवा आणि दूर व्हा.

आग्यामोहोळ दिसलं तर तिथून गट शांतपणे वळवा. अत्तर नको, धूर नको, दगड तर नाहीच. माश्या उठल्या तर चेहरा झाकून गाडीत किंवा बंद खोलीत धावत जा.

साप चावला तर घट्ट आवळून बांधणं, कापणं, रक्त ओढणं यांतलं काहीही करू नका. अंगठी, बांगड्या काढा, चावलेला अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. सर्पदंशावरचं औषध जवळ कुठे मिळतं हे फेरीच्या आदल्या दिवशी विचारून ठेवा.

वही हीच कमाई

दर फेरीची तारीख, वेळ, हवामान, आलेली माणसं आणि पाहिलेलं, एवढं एका जाड वहीत लिहीत जा. पहिल्या वर्षी ती साधी यादी वाटेल. तिसऱ्या वर्षी त्याच वहीतून कळू लागेल की बहावा यंदा लवकर फुलला, थिरथिरा उशिरा आला किंवा एखाद्या वाटेवर चिमण्या दिसेनाशा झाल्या. रस्त्यासाठी झाडं तोडायचा प्रस्ताव पुढे आला तर ‘झाडं वाचवा’ म्हणणाऱ्या शंभर घोषणांपेक्षा त्या झाडांवर कोण राहतं हे तारखेनिशी दाखवणारी वही जास्त उपयोगी पडते. मुंबईत माहीमजवळ जुन्या कचराभूमीवर महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचं जंगल उभं राहिलं. आपल्याला तर झाडी आयती मिळाली आहे. ती टिकवायची तर ती ओळखणारी माणसं गावात हवीत, आणि अशी माणसं सहा सकाळींत तयार व्हायला लागतात.

म्हणून या आठवड्यात एवढंच करा : जागा ठरवा, सहा तारखा लिहा, परवानगीचा अर्ज द्या आणि सोसायटीच्या फलकावर पहिल्या फेरीची सूचना लावा. दहा जण आले तरी सुरुवात करा आणि पुढच्या फेरीला त्याच जागी परत जा.